बोटांच्या ठशांत न मावणारी हुशारी

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यातच दांडिया बाजारात माहेरी गेले होते. फराळ आटोपला, वहिनी चहा टाकायला आत गेली आणि माझी अकरा वर्षांची भाची एक जाड रंगीत फाइल घेऊन शेजारी येऊन बसली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "आत्या, माझी गणिताची बुद्धी नऊच टक्के आहे." रडवेली नव्हती. आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज तिने ते सांगितलं.

गावातल्या एका केंद्राने तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते. त्यावरून म्हणे मेंदूचा कुठला भाग किती तयार आहे ते कळतं. पंधरा दिवसांनी अहवाल आला: मेंदूचं चित्र, गोल आलेख, आठ प्रकारच्या बुद्धी आणि प्रत्येकीसमोर टक्के. दादाने त्यासाठी काही हजार रुपये मोजले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. पोरीवर नुसतं मार्कांचं ओझं नको, तिचा कल कळू दे, एवढंच त्याला हवं होतं. पण तेव्हापासून ती गणिताची वही टाळायला लागली आहे, हे वहिनीने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

मी बावीस वर्षं बडोद्यात प्राथमिक शाळेत शिकवते आहे. ‘बुद्धी अनेक प्रकारची असते’ हे वाक्य मी स्वतः कित्येक पालकसभांत म्हटलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे प्रगतिपुस्तकं बदलू लागली आहेत, त्यामुळे हा विषय आता शाळेच्या फलकापासून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे आहे. मग ज्या विचाराने मुलं एका आकड्याच्या जाचातून सुटायची, त्याच विचाराने या पोरीच्या हाती आठ आकडे कसे दिले? हे समजून घ्यायचं तर मुळापासून बघावं लागेल.

## आधी ठशांचं पाहू

बोटांवरच्या रेषा आपण आईच्या पोटात असतानाच उमटतात आणि मग जन्मभर तशाच राहतात. आधार कार्डाला आणि पोलिसांना त्या उपयोगी पडतात त्या याच कारणाने. मूल काय शिकेल, कशात रमेल, हे मात्र जन्मानंतर रोज बदलत जातं. जन्माआधीच गोठलेल्या रेषेवरून रोज वाढणाऱ्या गोष्टीचे टक्के काढणं म्हणजे उंबऱ्याचं लाकूड बघून आज घरात कुठली भाजी केली आहे ते सांगण्यासारखं आहे. या चाचणीला ‘डीएमआयटी’ म्हणतात. तिला शास्त्रीय आधार नाही, असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, जाहीरपणे सांगितलेलं आहे.

मेंदू किती बदलतो याचा पुरावा लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी दिला. तिथे परवाना मिळवायला शहराच्या मध्यभागातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात काही वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की मेंदूत जागा लक्षात ठेवणारा जो भाग असतो, त्याचा मागचा हिस्सा या चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठा असतो. मग तसा मेंदू घेऊन जन्मलेलेच लोक टॅक्सी चालवायला येत असतील का? २०११ साली त्यांच्याच चमूने शिकाऊ चालकांना पहिल्यापासून तपासलं. सुरुवातीला फरक नव्हता. अभ्यास पुरा करून जे परवाना घेऊन बाहेर पडले, त्यांच्यात तो दिसू लागला. ठसे तेच राहिले, मेंदू बदलला.

## एका आकड्याचा जन्म

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालेलं होतं, आणि वर्गात काही मुलं मागे पडत होती. त्यांना वेळेवर ओळखून जास्तीची मदत द्यायची होती. या कामासाठी आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी १९०५ साली छोट्या छोट्या प्रश्नांची एक माळ तयार केली: चित्रातल्या वस्तू ओळखा, ऐकलेले आकडे परत म्हणा, दोन वस्तूंतला फरक सांगा. बुद्धीची पहिली उपयोगी चाचणी ती हीच.

पुढे १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती सुचवली. त्यातून बुद्ध्यांक हा एकच आकडा तयार झाला. अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ साली तो मोठ्या प्रमाणावर वापरात आणला. बिने १९११ सालीच वारले होते. माणसाची बुद्धी ठरलेली असते आणि ती वाढवता येत नाही असं म्हणणाऱ्यांना त्यांनी हयातीतच खडसावून विरोध केला होता. ज्या मुलाला मदत हवी ते शोधण्यासाठी त्यांनी हे साधन केलं, आणि नंतरच्यांनी त्यावरून मुलांच्या रांगा लावल्या.

थर्मामीटर ताप सांगतो, हे खरं. पण त्याच्यावरून कुणी ‘हा माणूस एकशे एक आहे’ असं म्हणत नाही. बुद्ध्यांकाचं मात्र आपण तेच केलं. मार्कांचंही तेच. ‘आमचा नव्याण्णववाला’ आणि ‘त्यांचा पासष्टवाला’ असं आपल्याकडे पोरांसमोर बोललं जातं.

## मिसळणाचा डबा की गोडा मसाला?

१९८३ साली हार्वर्डच्या हॉवर्ड गार्डनर यांनी मांडलं, की बुद्धी एक नसून सात निरनिराळ्या आहेत. पुढे त्यांनी आठवी जोडली. यालाच बहुविध बुद्धिमत्ता म्हणतात. शब्दांची, गणित-तर्काची, जागा आणि आकार यांची, सुरांची, शरीराच्या हालचालींची, दुसऱ्याचं मन ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची, आणि झाडं-प्राणी-निसर्ग ओळखण्याची. मेंदूला इजा झालेले रुग्ण त्यांनी अभ्यासले होते. एखाद्याची भाषा जाते पण गाणं शाबूत राहतं, असं दिसतं. मग या गोष्टी काही अंशी वेगळ्या असाव्यात, हा त्यांचा तर्क होता.

स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. हळद, मोहरी, जिरं, तिखट, हिंग, प्रत्येकाची वाटी वेगळी. मोहरी संपली म्हणून हळद कमी होत नाही. गार्डनर यांच्या मते बुद्धीचा डबा असा आहे.

बऱ्याच मानसशास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ सालीच दाखवलं होतं, की एका प्रकारच्या चाचणीत पुढे असलेली मुलं बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातही पुढे असतात. नंतरच्या शंभर वर्षांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. म्हणजे त्यांच्या मते बुद्धी गोड्या मसाल्यासारखी आहे. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल सगळं आत आहे, पण कुटून एकजीव झालेलं. वेगळं काढून वजन करता येत नाही. आठ स्वतंत्र बुद्धी आहेत याला ठोस प्रायोगिक पुरावा मिळालेला नाही, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

वर्गात उभं राहून मला जे दिसतं ते असं: वाट्या पूर्ण वेगळ्या नाहीत, पण लेखी परीक्षा त्या मसाल्यातले दोन-तीनच पदार्थ चाखते. एवढं मान्य करायला कुठल्या एका पक्षात जावं लागत नाही. आणि एवढं मान्य केलं तरी ‘सुराची बुद्धी सतरा टक्के’ असा आकडा कुणालाच देता येणार नाही, हे उघड आहे. मिसळणाचा डबा म्हणा की गोडा मसाला, त्याची टक्केवारी काढायचा काटा कुणाकडे नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. ‘माझं मूल बघून शिकणारं आहे, ऐकून शिकणारं नाही’ असं पालक फार सांगतात. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. स्वतः गार्डनर यांनीही आपला विचार आणि या शिकण्याच्या शैली एक नाहीत असं स्पष्ट केलं आहे. सगळ्या मुलांना बघून, ऐकून, करून, तिन्ही वाटांनी शिकवावं. त्यात कुणाचंच नुकसान नाही.

## बाजारातलं गणित, फळ्यावरचं गणित

या विषयात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये आला. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो त्याच्या लेखकांत आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांना त्यांनी गाठलं. ठरवून अवघड वजनाचा माल मागायचा, दोन वस्तू घ्यायच्या, मोठी नोट द्यायची आणि बघायचं. जवळजवळ सगळी मुलं हिशेब तोंडी आणि बरोबर करत होती. मग तितक्याच किंवा त्याहून सोप्या बेरजा-भागाकार शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिले, आणि तीच मुलं अडली.

आता दुसरी बाजू बघा. शेजारच्या शाळांतली, बाजारात कधी न बसलेली मुलं कागदावरचे साधे हिशेब जास्त बरोबर करत होती. पण त्यांना बाजारातला एक हिशेब घातला, जो काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी सोडवला होता, तर शाळेतल्या मुलांपैकी फक्त एक टक्क्याला तो जमला.

असंच काही १९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांत दिसलं होतं. ठेल्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तेच हिशेब नुसत्या आकड्यांत मांडल्यावर ३७ टक्के.

खंडेराव मार्केटात भाजी घेताना मी हे कित्येकदा पाहिलं आहे आणि दर वेळी ‘पोरगा चलाख आहे’ म्हणून पुढे गेले आहे. चलाख! त्याच्या गणिताला मी गणित म्हटलं नाही, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना ते गणित येत नाही याचीही मला कल्पना नव्हती. या अभ्यासातलं दुःख दोन्ही बाजूंना आहे. एका मुलाला आपल्याला गणित येतं हेच ठाऊक नाही, दुसऱ्याला आपलं गणित कागदाबाहेर चालत नाही हे ठाऊक नाही. आणि ही दोन मुलं एकमेकांकडे बघायला शिकलेली नाहीत.

## मराठीच्या शब्दांत हे सगळं आधीच होतं

थोडं थांबून आपली भाषा ऐकावी. कुणाच्या हाताला चव असते. कुणाचा कान तयार असतो. कपड्यावरून नुसता हात फिरवून सूत सांगणाऱ्याची नजर आणि हात दोन्ही बसलेले असतात. बारशाला कुणाला आधी वाढायचं, कोण रुसलंय, कुणाला शेजारी बसवू नये, हे ज्या मावशीला न सांगता कळतं तिला पोच असते. बोलावं किती आणि थांबावं कुठे याला तारतम्य म्हणतात. कमी सामानात मार्ग काढणारा हिकमती, बारीक काम करणारा कसबी, पुढचं ओळखून पावलं टाकणारा धोरणी. यातला एकही शब्द दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

मग ‘हुशार’ या एका शब्दाने सगळं गिळलं केव्हा? गेल्या वर्षी मी वर्गात विचारलं, "आपल्या वर्गात हुशार कोण?" बेचाळीस मुलांची बोटं त्याच तिघांकडे वळली, आणि ते तिघे मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. वर्गात भांडण झालं तर कुणाला बोलवायचं? डब्याचं झाकण अडकलं तर कुणाकडे द्यायचं? नवीन मूल आलं तर त्याला पहिल्या दिवशी कुणाशेजारी बसवायचं? नावं बदलत गेली. झाकणाच्या प्रश्नाला तर सगळे एकाच मुलीचं नाव घेऊन ओरडले. माझ्या हजेरीत ती मुलगी ‘शांत, सामान्य’ होती. मुलांना हे सगळं आधीच दिसत होतं. ते हुशारीत धरायचं नसतं, हे त्यांना आम्ही मोठ्यांनी शिकवलं होतं.

## आपल्याच गावाने हे करून दाखवलं होतं

नाशिककडच्या कवळाण्याचा एक बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आला. शाळेतलं शिक्षण जवळपास नव्हतंच. त्या दिवशी त्याची लेखी परीक्षा घेतली असती तर काय शेरा मिळाला असता? तेच सयाजीराव महाराज. त्यांनी आधी अमरेली भागात करून पाहून १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

पण त्याच्याही आधी, १८८६ साली, गायक मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली होती. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभं राहिलं. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रविद्या, आणि शिकवायचं ते मुलांच्या भाषेत. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आज आपण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेसमोरून जातो, तिचं मूळ तिथेच आहे. अक्षर आणि हात या दोहोंना राज्याच्या तिजोरीतून पैसा मिळत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथे एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. हाताच्या कामाला कमी लेखायची सवय आपल्याला शाळेने लावलेली नाही, जातीने लावली आहे. कुंभाराला माती किती भिजली ते बोटाला कळतं, त्याला आपल्या समाजाने कधी बुद्धी म्हटलं नाही. आणि याची उलटी बाजू तितकीच धोक्याची आहे. सुताराच्या मुलाला ‘तुझी बुद्धी हातात आहे’ असं कौतुकाने सांगून पुस्तकांपासून दूर ठेवणं म्हणजे जुनीच भिंत नव्या रंगाने रंगवणं. महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली ती कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला. कुणाच्या वाट्याला कुठली बुद्धी यावी हे जन्मावरून ठरवायचा हक्क कुणालाच नाही. ठसे घेणाऱ्या यंत्रालाही नाही.

## "पण मार्क तर लागतातच ना?"

लागतात. पालकसभेत हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला मी कधी हसत नाही, कारण तो खरं बोलतो आहे. प्रवेश मार्कांवर मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाचता येणं, चार ओळी नीट लिहिता येणं, टक्केवारी कळणं, ही ‘एका प्रकारच्या बुद्धीची’ आवड नाही. ती सगळ्यांची गरज आहे. ज्याला कर्जाचा कागद वाचता येत नाही तो उत्तम कारागीर असूनही लुबाडला जातो. म्हणून ‘आमची गाण्यातली आहे, गणित नाही जमलं तरी चालेल’ हे मला मान्य नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत तर मला त्याचीच भीती वाटली.

मग फरक कशात पडतो? मूल अडलं की आपण काय म्हणतो, यात. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेली मुलं जास्त करून सोप्या कामाकडे वळली, आणि अवघड काम आल्यावर लवकर खचली. शिक्का चांगला असला तरी तो मुलाला हलू देत नाही. नऊ टक्क्यांचा शिक्का तर सोडाच.

## "सगळ्यांनाच हुशार म्हणायचं का मग?"

नाही. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं. बेसूर गाणाऱ्याला ‘छान गायलास’ म्हटलं की तो आपला पुढचा शब्दही खरा मानत नाही. शिवाय कुणी गणितात खरंच असामान्य असतं, कुणी गाण्यात. ते मोठेपण झाकायची गरज नाही. नऊ वर्षांच्या मुलाने दुसऱ्याचं थोरपण मोकळ्या मनाने बघणं, हीच तर शिकायची गोष्ट आहे.

## मग घरात करायचं काय?

‘प्रत्येक कामाला मान द्यावा’ हे वाक्य मुलं निबंधात सुरेख लिहितात. त्याच मुलांना आपण ‘अभ्यास केला नाहीस तर रिक्षा चालवावी लागेल’ असं रिक्षात बसून ऐकवतो. चालवणारा ऐकतो, मूलही ऐकतं. मूल शिकतं ते हे.

मला सापडलेला उपाय एक प्रश्न आहे. आमच्याकडे मिक्सर बिघडला होता. दुरुस्तीवाले काका आले, त्यांनी बटण दाबलं, डोकं जरा तिरकं करून ऐकलं आणि तीन सेकंदांत बंद करून म्हणाले, "कार्बन घासलाय." माझा मुलगा मोबाइलमध्ये होता. मी त्यांना विचारलं, "काका, हे तुम्हाला कसं कळलं?" ते थोडे गोंधळले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. मग म्हणाले, "ताई, आवाज अडखळतो बघा. आणि वास." त्यांनी परत बटण दाबलं. मुलाने मोबाइल ठेवला, वाकून वास घेतला. जरासा जळका, लोखंडी वास. खालची पट्टी काढून काकांनी झिजलेला काळा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला, नवा तुकडा शेजारी ठेवला. जुना नव्याच्या निम्माही नव्हता. "हा झिजला की स्प्रिंग त्याला पुरेसं दाबत नाही, मग ठिणग्या पडतात." पुढची दहा मिनिटं माझा मुलगा त्यांच्या शेजारी उकिडवा बसून होता.

‘तुम्हाला कसं कळलं?’ या प्रश्नात सगळं येतं. काम करणाऱ्याच्या हातामागे डोकं आहे हे मुलाला दिसतं, आणि ते शिकता येण्यासारखं आहे हेही दिसतं. कौतुकाने माणूस लाजतो, या प्रश्नाने तो बोलता होतो. आजीला विचारावं, पाकाची तार तुला कशी कळते. आईला विचारावं, मामा फोनवर ‘मजेत’ म्हणाला तरी त्याचं काहीतरी बिनसलंय हे तुला कसं कळलं. वर्गातल्या पहिल्या नंबरालाही विचारावं, हे गणित असं सुटेल हे तुला कसं दिसलं. त्याचीही हुशारी आकड्याच्या मागे लपलेली असते.

नव्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम बघायचं, करायचं. प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी त्याच्याबद्दल लिहायची सोयही आहे. मला हे मनापासून आवडलं. पण मुलं बसमधून जाऊन फोटो काढून परतली तर त्या दहा दिवसांची सहल होईल. प्रत्येक मुलाने एका माणसाला हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून आणलं, तर एका दिवसातही खूप होईल.

## उत्तरायणाला गच्चीवर

फाइलबद्दल मी दादाशी भांडले नाही. भाचीला एक कोरी वही दिली आणि सांगितलं, रोज एका माणसाची हुशारी शोधायची, आणि त्याला कसं कळलं ते विचारून लिहायचं. स्वतःबद्दल काही लिहायचं नाही. टक्के तर मुळीच नाहीत.

जानेवारीत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, परत गेले. गच्चीवर शेजारचा मुलगा होता, तेरा-चौदा वर्षांचा, गुजराती माध्यमातला, सहामाहीत दोन विषयांत गेलेला. गेंडीगेटच्या पतंगबाजारातून आणलेले सगळ्यांचे पतंग त्याच्याकडे किन्ना, म्हणजे मांजा जिथे जोडतात तो दोरा, बांधायला यायचे. तो आधी पतंगाचा उभा ढड्ढा, म्हणजे मधली काडी, डोक्यावरून हलकेच ओढून वाकवायचा. मग वरची दोन आणि खालची दोन भोकं, त्यांतून दोरा, दोन्ही टोकं एकत्र धरून मापायची, गाठ. पतंग किन्न्यावर लटकवून तो नुसता धरायचा आणि बघायचा. भाचीचा पतंग दोनदा गिरक्या खाऊन खाली आला होता. त्याने तो हातात धरला आणि म्हणाला, "आ बाजु नमे छे." ही बाजू झुकते. मग कागदाची एक बारीक गुंडाळी करून दुसऱ्या टोकाला गुंदरपट्टीने चिकटवली.

"तने केवी रीते खबर पडी?" भाचीने विचारलं. तुला कसं कळलं?

त्याने पतंग पुन्हा लटकवून दाखवला. एक खांदा केसभर खाली होता. मला तर दिसलाच नाही. तिला बऱ्याच वेळाने दिसला. मग तिने त्याला विचारलं, एका बाजूला एवढं वजन तर दुसऱ्या बाजूला किती लागेल, आणि टोकाच्या जवळ चिकटवलं तर कमी कागद पुरेल का? तो म्हणाला, पुरेल, टोकाला थोडाच लागतो. ती तराजूच्या दांडीचं गणित विचारत होती हे तिला ठाऊक नव्हतं. मीही त्या वेळी काही बोलले नाही.

संध्याकाळी तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला लावलेले कागदी कंदील, सोडायच्या आधी ती कोपऱ्यात बसून वही लिहीत होती, गुजरातीत. तो मागून येऊन उभा राहिला. आपलं नाव दिसल्यावर त्याने वही मागितली. पहिल्यांदा भराभर वाचली, मग परत पहिल्या ओळीपासून, ओठ हलवत, हळू. मला वाटलं तो लाजून परत देईल. त्याने पेन्सिल मागितली, एका ओळीवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, की खालचा दोरा बोटभर लांब ठेवायचा तो वारा जोराचा असेल तेव्हाच. मंद वाऱ्याला दोन्ही सारखे.